पेशंटचं स्टूल

"कधीपासून दुखतंय पोट?" डॉक्टरबाईंनी मुलीला विचारलं.

"तीन आठवडे झाले," आई म्हणाली. "सकाळी जास्त, नेमकं शाळेच्या वेळेला. ताटातलं अर्धं टाकते. आणि चिडचिड तर विचारूच नका, राग सदा नाकावर."

पंधरा वर्षांची मुलगी भिंतीकडच्या खुर्चीत बसली होती. टेबलाजवळचं पेशंटचं स्टूल आईनं आल्याआल्याच पटकावलं होतं. सगळं सांगायचं तिलाच होतं, मग लांब कशाला बसायचं?

"शाळेत काही त्रास?"

"छे, शाळेत काही नाही."

"मैत्रिणी?"

"दोघीच आहेत. चांगल्या घरच्या."

"आणि झोप?"

"झोप कसली! रात्री केव्हाही उठून बघावं तर ही टक्क जागी." आपण रात्री केव्हाही का उठतो, ते आईनं सांगितलं नाही. तसं कुणी विचारलंही नव्हतं.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "आमच्याकडे एक पद्धत आहे. पेशंटची उत्तरं जो देतो, त्यानं दहा मिनिटं बाहेर बसायचं."

"अहो, पण मी आई आहे तिची."

"तेच म्हणतेय मी."

आई बाहेर बाकावर येऊन बसली. तिला चांगलंच झोंबलं होतं. ती शिवणकाम करायची. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याची कंबर किती, हे तिला नजरेनंच कळायचं, टेप नंतर. तिला पोटच्या पोरीच्या मनातलं कळत नाही, असं ही कालची डॉक्टरीण सांगणार!

मुलीसाठी आणलेली पाण्याची बाटली तिनं बसल्या बसल्या रिकामी केली. काळजीनं घशाला कोरड पडते, दुसरं काय. मग नावनोंदणीच्या खिडकीतल्या बाईला तिनं बाथरूम कुठे आहे ते विचारलं. "मघाशी गेला होतात तिथेच," बाई म्हणाली. परत येताना आईनं ड्रेसला कमरेशी लावलेली पिन नीट केली. दोन महिन्यांत हा ड्रेस तिनं दोनदा आत घेतला होता, आता तिसऱ्यांदा घ्यावा लागणार होता. हल्ली कापडच असलं मिळतं. धुतलं की पसरतं.

दाराआडून काही ऐकू येईना. पोरगी काय सांगत असेल? कुणा मुलाचं काही असेल का? की अभ्यासाचं? की वडिलांचं? त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. शेवटपर्यंत 'मला काही झालेलं नाही' म्हणत हिंडत राहिलेला माणूस. वेळेवर दाखवलं असतं तर वाचले असते, असं तेव्हा जो तो म्हणाला होता. म्हणून तर पोरीनं पोटाचं नाव काढताच ती हातातलं काम टाकून निघायची. घराजवळच्या डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आल्या, त्यांच्या गोळ्यांनी फरक पडला नाही, मग आज इथे. आणि आजही काही गंभीर निघालं तर? ही पोरगी सोडून तिचं होतं कोण?

दार उघडलं. "या आत."

मुलगी आता पेशंटच्या स्टुलावर होती. डोळे सुजलेले.

"हिच्या पोटाला काहीही झालेलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दुखतही नव्हतं."

आईचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या तिचं डोकं तापलं. "मग तीन आठवडे नाटक चाललं होतं? माझी शिवणं पडून राहिली, लोक दारात येऊन बोलून गेले, आणि तू..."

"तुला म्हटलं होतं ना, डॉक्टरांकडे चल म्हणून!" मुलगी एकदम ओरडली. "किती वेळा म्हटलं? म्हणालीस, मला काय धाड भरलीय. बाबा पण असंच म्हणायचे." तिनं बाहीनं नाक पुसलं. "माझं दुखतंय म्हटलं की लगेच निघतेस. मला वाटलं, एकदा तिथे पोचलीस की कुणीतरी तुझ्याकडे बघेल. तर सगळे माझीच जीभ बघत बसतात."

आईचा हात कमरेच्या पिनेकडे गेला.

मुलगी उठली आणि भिंतीकडच्या खुर्चीत जाऊन बसली. डॉक्टरबाईंनी रिकाम्या स्टुलाकडे हात केला. आई बसली. मघाशी याच स्टुलावर ती ऐसपैस बसली होती. आता तिनं पिशवी पोटाशी घट्ट धरली होती.

डॉक्टरबाईंनी कोरा कागद पुढे ओढला. "एवढी तहान कधीपासून लागते?"

"तहान? छे, ते आपलं उन्हामुळे..."

"चार महिने झाले," खुर्चीतून मुलगी म्हणाली. "रात्री पाच-पाच वेळा उठते. सगळे ड्रेस आत घेतलेत. बोटाला सुई लागलेली, ते अजून भरत नाहीय. आणि सुईत दोरा ओवायला हल्ली मला..."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"बाळा," त्या म्हणाल्या, "आता तू दहा मिनिटं बाहेर बस."