मागचा कडा

चौसष्ट साल, माघ सरत आलेला. चावडीच्या ओट्यावर निवृत्तीबुवांनी डोंगरातल्या सात वस्त्यांसाठी सात खडे ओळीनं मांडले. मी मोताळ्याहून देवीची लस टोचायला आलेली नर्स, आणि बुवा माझे वाटाडे. आधी दोनदा मी घाटानं वर गेले होते. दोन्ही वेळा मी पहिल्या वस्तीत पोचताच पुढच्या सहा वस्त्यांना खबर गेली आणि त्यांनी पोरं रानात लपवली. "या खेपेला शेवटच्या वस्तीपासून सुरुवात करायची," मी खड्यांवरून बोट उलटं फिरवत म्हणाले. "मागून चढू, घाटानं उतरू. उन्हाळ्याआधी एकही पोर सुटता कामा नये." बुवांनी मान हलवली. "मागून वाट नाही, बाई. उभा कडा हाय. तिकून बकऱ्याबी जात नाहीत." "म्हणजे तिथून कधीच कोणी चढलं नाही?" बुवांनी शेवटच्या खड्यावर बोट ठेवलं. "मी चढलो एकडाव. लेक तीन वर्साची होती, तिले पाठीवर बांधलं होतं. तुमच्या आधीचा टोचणारा गावात आला होता, घाटाच्या वाटेवरच बसला होता. त्याच्यापासून लपवाले नेलं तिले." त्यांच्या घरी मी कधी लेक पाहिली नव्हती. "त्याच उन्हाळ्यात देवी आल्या," ते एवढंच बोलले आणि उठले. माझा लशीचा थर्मास त्यांनी उपरण्यात गुंडाळला आणि पोर बांधतात तसा पाठीवर बांधून पाहिला. "पाय कुठी ठेवाचा ते मले मालूम हाय. तांबडं फुटलं का निघू." मग त्यांनी छातीवरची गाठ दोनदा ओढून पाहिली.