ये म्हण ना

चार वर्षांनी कॅनडाहून आलेला माझा यश भरदुपारी चेरीताल मोहल्ल्यातल्या आमच्या दारात छत्री उघडून उभा होता. उंबरठा काही ओलांडेना.

"आई, एक बार ये म्हण ना."

"स्वतःच्या घरात शिरायला परवानगी लागते काय? काहून नाटकं करून राहिला?"

त्याच्यासाठी पाणी आणायला मी वळले, तर बेसिनवरच्या आरशात दार दिसलं. दारात उघडी छत्री अधांतरी होती. तिच्याखाली कोणीच नव्हतं.

"तिकडं वर्क परमिट दिलं, टॅक्स घेतला," मागून यश म्हणाला. "पण आपल्या घरात ये असं कोणीच म्हटलं नाही, आई. चार वर्षांपासून उपाशी आहे."

मी ओठ घट्ट मिटून घेतले.

मागच्या अंगणात त्याची धाकटी बहीण स्कूटी काढत होती. तिलाही कॅनडाला जायचंय, म्हणून रोज इंग्रजीचा क्लास. एरवी घरात हिंदीच बोलते. पण निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, एवढं मी तिला लहानपणीच शिकवलं होतं.

"आई, येते!" ती ओरडली.

"ये," मी सवयीनं म्हणाले.

यशनं छत्री मिटली.