लाल शिंग, निळं शिंग

किरगीझ डोंगरातल्या नव्या कुरणावर घोडीचं दूध मागायला बुरुल एका अनोळखी तंबूत शिरली आणि दारातच थबकली. समोर लोकरीचा जाड निळा गालिचा, नमदा, त्यावर मेंढ्याच्या शिंगांची लाल नक्षी, आणि एका शिंगाचं टोक तुटलेलं!

तिच्या लाल नमद्यावरचं निळं शिंगही अस्संच तुटलं होतं. लग्नाआधी दोघी बहिणींनी दोन्ही नमदे एकावर एक ठेवून शिंगं कापली आणि लाल शिंगं निळ्यात, निळी लालात शिवली. पण बुरुलची सुरी घसरली आणि दोन्हींतलं एकेक टोक उडालं. "शिंग म्हणजे भरभराट, आणि तुम्ही मोडकं घेऊन सासरी जाणार?" आई कडाडली होती.

लग्नं होऊन दोघी दूर गेल्या; नंतर वीस वर्षं थोरल्या बहिणीचा पत्ता नव्हता.

"ते मोडकं शिंग बघतेस होय?" मागून आलेली बाई हसली. "माझ्या धाकट्या बहिणीचा प्रताप! कुणाला दुरुस्त करू दिलं नाही मी."

बुरुल गर्रकन वळली. "ताई, सुरीच बोथट होती गं!"