आजचा शब्द: ग्रोक

गारखेड्यातले निवृत्त इंग्रजी प्राध्यापक व्यंकटराव रोज सकाळी शेजारच्या रामकिसनला एक जुना इंग्रजी शब्द शिकवायला येतात, तेही नेमकं तवा तापल्यावर. स्वयंपाकघराच्या दारातली खुर्ची त्यांचीच. "आत्ताच खाऊन आलो" असं दोनदा म्हणतात आणि तिसऱ्या आग्रहाला बशी धरतात.

आज शेवटचं धपाटं रामकिसनच्या ताटात पडलं, आणि आग्रह काही झाला नाही. त्या धपाट्यावरची नजर न काढता व्यंकटराव म्हणाले, "आजचा शब्द ग्रोक. दुसरा खात असताना, आपल्यालाही विचारेल या आशेनं बघत बसणं. मराठीत याला शब्दच नाही बघा, वहिनी."

द्वारकाबाईंनी नवऱ्याच्या ताटातलं अर्धं धपाटं उचलून बशीत घालून व्यंकटरावांना दिलं आणि म्हणाल्या,



"शब्द नसंल, सर. खुर्ची हाय की."