नवंकोरं पाणी

रंजनामावशींनी आणून ठेवलेला पाण्याचा पेला टिपणीसांनी बाजूला सारला आणि सोसायटीचा अर्ज सुलक्षणाच्या टेबलावर ठेवला. खाली एकशे चाळीस घरांच्या सह्या होत्या. तळमजल्यावर कामवाल्या बायका आणि सफाई कामगार वापरतात त्या संडास-मोरीचं सांडपाणी घरांच्या सांडपाण्यात मिसळू नये, त्यासाठी वेगळं यंत्र बसवावं, अशी मागणी होती.

सुलक्षणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धरणं आटल्यापासून अख्खी सोसायटी तळघरातल्या, सांडपाण्याचं पुन्हा पिण्याचं पाणी करणाऱ्या या एकाच यंत्रावर जगत होती, आणि सहा वर्षं ते तीच चालवत होती.

"अहो काका, आत विजेच्या लोळात पाण्याचा कण न् कण फुटतो. उरतो नुसता हायड्रोजन आणि ऑक्सिजन. त्यांचं पुन्हा नवंकोरं पाणी बनतं. ते कुणाच्या मोरीतून आलं होतं, हे ब्रह्मदेवाच्या बापालाही सांगता यायचं नाही!"

"ते मला शिकवू नका. तीस वर्षं केमिस्ट्री शिकवलीय मी," टिपणीस शांतपणे म्हणाले. "पण लोकांच्या मनाला पटत नाही, त्याचं काय?"

दारात उभ्या रंजनामावशींनी मान खाली घातली. यंत्राची काजळी रोज सकाळी त्याच खरवडून काढायच्या. त्यांची नखं अजून काळी होती.

सुलक्षणानं अर्ज उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन ठेवलं.

"पाणी पाच हजार अंशांना फुटतं, काका. तुमच्या मनातलं हे किती अंशांना फुटतं, तेवढं इथं लिहून द्या. वेगळं यंत्र बसवायचंच, तर मी तसलं बसवते."