माहेरासमोर बंद पडणारी फटफटी

वारूळवाडीच्या सयाजीतात्यांची जुनी फटफटी सुदर्शननं विकत घेतली, तेव्हा तात्यांच्या बायकोनं, साळुबाईंनी आधीच सांगून ठेवलं, "भीमाशंकरला निघालं की ही डिंभ्यात माझ्या माहेरासमोरच बंद पडायची. मग तिथंच मुक्काम. सासूबाई लई शिव्या घालायच्या गाडीला."

सुदर्शननं चार महिने खपून इंजिन उघडलं, रिंगा बदलल्या, कार्बोरेटर धुतला. गाडी एका किकमध्ये सुरू व्हायला लागली. मग भीमाशंकरला दोनदा जाऊन आला आणि पेढे घेऊन तात्यांच्या दारात उभा राहिला.

"तात्या, डिंभ्यात एकदाबी थांबली न्हाई. तुमच्याकडनं नेली तवा धूर मारत व्हती, खडखडत व्हती, पण उघडून बघितली तर बंद पडायसारखं तिच्यात काईच नव्हतं. गावाच्या अलीकडं कुणी पेट्रोलचा कॉक बंद केला, तरच ती तिथं बंद पडंल."

तात्या पेढा चघळत अंगणाकडं बघत राहिले. चहा घेऊन आलेल्या साळुबाई तिथंच थबकल्या.

"आवो, म्हंजी तुमी...?"

"माहेरी राहायला आई कदी हो म्हणाली का तुला?" तात्या हळूच म्हणाले. "गाडीफुडं मात्र तिचं काई चालायचं न्हाई."

साळुबाईंनी चहा खाली ठेवला, आत गेल्या आणि ठेवणीतलं लुगडं नेसूनच बाहेर आल्या.

"सुदर्शनभाऊ, आजच्या दिवस गाडी द्या आमाला." मग तात्यांकडं वळून म्हणाल्या, "अन् तुमी, डिंभं आलं की कॉक बंद करायला इसरू नका."