मुभा

मनकर्णाबाई पाचोडहून पहिल्या मोटारीनं आली आणि विचारत विचारत छावणीतल्या पाद्री अनंतरावांच्या दारात उभी राहिली. पासष्टच्या लढाईत तिचा कडूबा पडला होता. अनंतरावांचा योहान त्याच खंदकात होता आणि दंडावर नुसता ओरखडा घेऊन घरी परतला होता.

"कसा गेला माझा लेक, तेवढं सांग बाबा," ती योहानला म्हणाली.

अनंतरावांनी मुलाला आतल्या खोलीत बजावलं होतं, गोळी लागली, क्षणात गेला, एवढंच बोल. पण योहान खाली मान घालून सगळंच सांगत सुटला. दुश्मनाचा एक शिपाई रांगत आला. योहानची बंदूक त्याच्यावरच रोखलेली होती. कडूबाचं तोंड दुसऱ्या बाजूला होतं.

"मला चाप ओढवला नाही, मावशी. खून करू नको, ही देवाची आज्ञा आहे. त्यानं बॉम्ब फेकला. तो कडूबापाशी पडला."

"आन् त्यो मानूस?"

"पळाला."

"म्हंजी जित्ता हाय." बाई म्हणाली. "त्याच्या मायला लेक हाय."

मग ती अनंतरावांकडं वळली. "पाद्रीबाबा, तुमच्या धर्मात ह्ये पुण्य व्हय?"

पोराला मांडीवर बसवून दहा आज्ञा अनंतरावांनीच पाठ करून घेतल्या होत्या. आणि तो पलटणीत निघाला तेव्हा डोक्यावर हात ठेवून त्यांनीच सांगितलं होतं, की सरकारच्या हाती तलवार देवानंच दिली आहे, लढाईतलं मारणं हा खून नव्हे. पोरानं पहिलं तेवढं धरलं होतं.

"नाय बाई," ते म्हणाले. "त्याला गोळी झाडायची मुभा होती. मीच दिली होती."

"तुम्ही दिली होती. येशूनं नाही," योहान म्हणाला. "तो माणूस उद्या पुन्हा समोर आला, तरी मी मारणार नाही."

अनंतरावांनी खाडकन त्याच्या मुस्काटात ठेवून दिली. आजवर त्यांनी पोरावर कधी हात उचलला नव्हता.

योहान जागचा हलला नाही. त्यानं डोळे मिटले आणि दुसरा गाल पुढं केला.

"मारा की," मनकर्णाबाई म्हणाली.

अनंतरावांनी मारलं.